वडशाची तारीख: झाडीपट्टीत चार दिवस

गेली तेवीस वर्षं मी नाटकांवर लिहिते आहे. या काळात झाडीपट्टी रंगभूमीचा उल्लेख मी दोन लेखांत केला आणि दोन्ही वेळा तिथलं एकही नाटक न पाहता केला. ते मला सारखं टोचत होतं. नागपूरच्या मैत्रिणीचे मामा वडशाजवळच्या एका गावात राहतात. निवृत्त प्राथमिक शिक्षक, तरुणपणी बारा-पंधरा वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत काम केलेले. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही गुरुजीच म्हणू लागले. त्यांचा निरोप आला, "संक्रांतीच्या आगेमागे या, शंकरपट हाये." शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी निघाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीत भाऊबीज झाली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमाराला संपतो. गावात मंडई (इथे मंडई म्हणजे गावची जत्रा) भरली, शंकरपट झाला की त्या रात्री नाटक हवंच. तेही तिकीट लावून, मोकळ्या शेतात, रात्री दहापासून उजाडेपर्यंत. या सगळ्याचं ठाणं म्हणजे देसाईगंज, म्हणजेच वडसा. कंपन्यांची कार्यालयं इथेच आहेत.

दिवस पहिला

नागपूरला सकाळी उतरले, तर्री-पोहे खाल्ले आणि एसटी धरली. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. भिवापूरच्या आसपास रस्त्यालगत लाल मिरची वाळत पडली होती आणि खिडकी बंद असूनही बसमध्ये निम्मे लोक खोकत होते. नागभीडच्या पुढे शेतांचं रूप पालटलं. बांधांनी कापलेले धानाचे छोटे छोटे तुकडे, त्यांना इथे बांधी म्हणतात. धान निघून गेलेलं, तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग उभे, काही बांध्यांत जवसाची निळी फुलं. ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगेचा लांबलचक पूल लागतो आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा, वडसा.

संध्याकाळी गुरुजींनी मला बाजारपेठेत नेलं. मी थांबून थांबून पाहत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाट्यमंडळांची कार्यालयं, एकेका खोलीची, आणि बाहेर माणसाच्या उंचीचे फलक. फलकावर कलाकारांचे चेहरे रांगेने, प्रत्येकाच्या खाली नाव आणि विशेषण: हास्यसम्राट, लावणीसम्राज्ञी, खलनायक, सिनेतारका. नाटकांच्या नावांत कुंकू, सौभाग्य, रक्त, भाऊ, माहेर, जमीन हे शब्द फिरून फिरून येतात. एका कार्यालयात कुठल्याशा गावाची चार पोरं टेबलाभोवती बसली होती. त्यांना तारीख हवी होती. "तारीख" हा इथला सगळ्यात वजनदार शब्द. गावाचं मंडळ कंपनीकडून एका रात्रीचा खेळ ठरवतं, इसार देतं, आणि ठरलेल्या दिवशी नट, वादक, पडदे, दिवे असा सगळा फौजफाटा गावात उतरतो. तिकिटाचे पैसे मंडळाचे. खर्च निघून उरलं तर गावाच्या कामाला, बुडालं तर पोरांच्या खिशातून.

त्या चौघांतला सगळ्यात लहान, विशीतला असेल, फलकावरचा एकेक चेहरा बोटाने दाखवून विचारत होता, "हे बाई येईन ना पक्की? मागच्या साली दुसरीच पाठवली होती." मॅनेजर शांतपणे वही दाखवत होता. नटीचं नाव, तिच्यापुढे महिन्याच्या एकतीस चौकटी, त्यातल्या चार मोकळ्या. मुंबईत मालिकेच्या नटाच्या तारखा सांभाळताना निर्मात्यांची होणारी ओढाताण मी पाहिली आहे. इथे वहीतल्या त्या चौकटींवर एका गावाची वर्षभराची इभ्रत अवलंबून होती.

जायचं असेल त्यांनी मुक्काम वडशात किंवा ब्रह्मपुरीत करावा, साध्या लॉज मिळतात. वडसा गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे, पण नागपूरहून एसटीच सोयीची. आज रात्री कुठे कुठे नाटक आहे हे कार्यालयांत विचारलं की कुणीही सांगतं.

दिवस दुसरा

गावात पोहोचलो तेव्हा शंकरपट ऐन रंगात होता. बैलजोड्यांच्या या शर्यती न्यायालयाच्या आदेशाने २०१४ पासून काही वर्षं बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. गुरुजी म्हणाले, पट बंद होता तेव्हा नाटकंही थंडावली, कारण पटाला माणूस येतो आणि तोच रात्री नाटकाला बसतो. घरोघरी लेकी माहेरी आलेल्या, जावई आलेले, दूरचे सोयरे आलेले. कुणाच्या तरी मुलीसाठी कुणाचा तरी मुलगा याच गर्दीत लांबून पाहिला जातो. मी ज्या घरी जेवले तिथे त्या दिवशी एकोणीस पानं उठली. भात, तुरीचं वरण, पोपटाच्या शेंगांची भाजी (पोपट म्हणजे आपला वाल), तलावातली मासोळी आणि गरम सांबारवडी. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली वडी. तिसरी वडी मी स्वतःहून मागून घेतली.

दुपारी नाटकाचा ट्रक आला. ज्या बांधीत दोन महिन्यांपूर्वी धान उभं होतं तिथे चार तासांत नाट्यगृह उभं राहिलं. गुरुजींनी जुनी पद्धत सांगितली. पूर्वी प्रेक्षकांच्या बाजूची माती खणून काढायचे आणि तीच रंगमंचाच्या जागी टाकायचे. खड्ड्यात प्रेक्षक, उंचवट्यावर नट. पावसाळ्याआधी माती पुन्हा पसरली की शेत होतं तसं. आता फळ्यांचा मंच येतो, पण जमीन अजून शेताचीच आणि बसायला अजून तणसच. मंचावर रंगवलेले पडदे टांगले: वाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा. वरून तीन माइक सोडले. मंचाच्या पुढ्यात खाली वादकांची जागा: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड.

साडेदहाला नमन झालं. मला मान म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. गोष्ट दोन भावांची. धाकटा शहरात शिकून आलेला, त्याला जमीन विकायची आहे. थोरला ती कसतो. सातबारा विधवा आईच्या नावावर. मध्ये विनोदी नोकर, कपटी सावकार, एक प्रेमप्रकरण. प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला गाणं आहे आणि ते खरंच गायलं जातं, नट स्वतः ऑर्गनवर गातो. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं आणि पुढची कित्येक दशकं आपल्याकडे गाणारा नट हाच खरा नट मानला गेला. रात्र रात्र प्रयोग चालत, वन्समोअर पडत. पुण्यात त्याचा आता स्मरणसोहळा होतो. इथे थोरल्या भावाने गाणं संपवलं तेव्हा मागून वन्समोअर आला, तणसातून एक म्हातारा उठून पन्नासची नोट देऊन गेला आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं.

पण पहिले दोन तास मी अस्वस्थ होते. हातवारे फार मोठे, आवाज सतत वरच्या पट्टीत, रडणं म्हणजे हंबरडा. माझ्या वहीत मी "अतिनाट्य" हा शब्द तीनदा लिहिला होता. बाराच्या सुमारास मध्येच दोन रेकॉर्ड डान्स झाले, सिनेमाची गाणी, गोष्टीशी काडीचा संबंध नाही. ते मला तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. नाचणाऱ्या मुलींबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या प्रेक्षकाला दोन भावांचं भांडण श्वास रोखून ऐकता येतं, त्याला असल्या ठिगळाची गरज नसते, असं मला मनापासून वाटतं.

गुरुजी मागून आले आणि म्हणाले, "ताई, पुन्यात नाटक किती तासाचं रायते?"

"दोन-अडीच."

"मंग लोकं घरी कसे जातेत?"

"गाडीने, रिक्षाने."

"हाव ना. इथं अडीच तासात नाटक सरलं तं रात्री एक वाजता लोकाईनं कुठी जावं? मंधात जंगल हाये. वाघ हाये. म्हून नाटक उजाडेपावतर." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमी खुर्चीवरून उठा जी. मागं जाऊन पाहा."

मी शेवटच्या रांगेपलीकडे गेले, जिथे तणसही संपतं आणि लोक शेकोटीभोवती उभे राहून पाहतात. मंच दोनशे फुटांवर असेल. तिथून नटीचा चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता. डोळे दिसतच नव्हते. मघाशी मोठा वाटलेला हात इथे नेमका पोहोचत होता. आई सातबाऱ्याचा कागद छातीशी धरते तेव्हा ती तो आधी पूर्ण हात लांब करून दिव्यासमोर धरते, एक क्षण थांबते आणि मग जवळ घेते. पहिल्या रांगेतून ते थांबणं मला खोटं वाटलं होतं. इथून कळलं, त्या एका क्षणात शेकोटीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही हातातला कागद ओळखू येतो. माझ्या शेजारी घोंगडी पांघरलेली बाई पुटपुटली, "नोको देऊ व माय."

पहाटे तीनच्या पुढे थंडी बोचायला लागली तेव्हा नाटकातला सगळ्यात जड प्रसंग आला, दोन भावांची वाटणी. आई दोघांच्या मध्ये उभी. तिने हंबरडा फोडला, आणि आवाज चढताना ती माइकपासून बरोबर एक पाऊल मागे सरली. आवाज फाटला नाही. हुंदक्याला पुन्हा पाऊलभर पुढे आली. त्या रात्रीतलं ते पुढे-मागे होणं मी मग मोजत राहिले. एकदाही चुकलं नाही. हे तिला कुठल्याही नाट्यशाळेने शिकवलेलं नाही. मी वहीतले ते तिन्ही शब्द खोडले.

दिवस तिसरा

सकाळी सातला झोपले, बाराला उठले. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, उकडलेले शिंगाडे आणि चहा पुढे ठेवला. शिंगाडे गावच्या मामा तलावातले. इथले हे जुने तलाव मालगुजारांनी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांनी, बांधलेले. माजी मालगुजारी, म्हणून मामा. मीठ लावलेला, आतून दुधाळ शिंगाडा मी पहिल्यांदाच इतका ताजा खाल्ला.

काकू नाटकाला आल्या नव्हत्या. का, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. लग्नानंतर गुरुजींनी बारा हंगाम काम केलं आणि त्या बारा हंगामांत दिवाळी ते होळी घर एकटीने पाहिलं त्यांनी. "नाटक चांगलं रायते जी, पन ज्याच्या घरचा नट, त्याच्या घरी अंधार." गुरुजी अंगणात होते. त्यांनी ऐकलं, बोलले काही नाहीत.

संध्याकाळी त्याच कंपनीचा खेळ आरमोरीच्या बाजूला होता. या वेळी मी विंगेत बसायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मंचामागे कापडी आडोसा, आत एक लांब सतरंजी, पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आरसा. कालची आई तिथे पाय पसरून बसली होती आणि भुवया कोरत होती. आज ती आई नव्हती, दुसऱ्या नाटकातली कारस्थानी मावशी होती. मी विचारलं, या हंगामात किती नाटकं? "चार. आन् कोनी बिमार पडलं तं पाच." दोन महिन्यांत तिला तीनच रात्री सुट्टी मिळाली होती. वय मी विचारलं नाही, पण तिची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते.

चार नाटकांचे संवाद लक्षात कसे राहतात याचं उत्तर विंगेत उभं होतं. पन्नाशीचा माणूस, कानटोपी, एका हातात जाडजूड वही, दुसऱ्यात छोटा टॉर्च. प्रॉम्प्टर. आपल्याकडे प्रॉम्प्टर ही लपवायची गोष्ट आहे. नट अडकला तरच तो बोलतो. हा मात्र संपूर्ण नाटक बोलत होता. प्रत्येक वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द, नटाच्या आधी, श्वासाएवढ्या आवाजात. मी त्याच्या खांद्यामागे होते. तो "घरात आग" म्हणे, आणि मावशी मंचावरून त्याच क्षणी "घरात आग लावून वर माझ्याकडेच पाणी मागता?" असा बाण सोडे. मधलं अंतर मला ऐकू येत नव्हतं. एका जागी पान उलटताना त्याला खोकला आला आणि तो अडखळला. ती थांबली नाही. पदर झटकला, दोन पावलं चालली, विनोदी नोकराला एक शिवी हासडली, लोक हसले. तोवर त्याला ओळ सापडली होती. ती शिवी वहीत नव्हती. नंतर विचारलं तर म्हणाली, "तिथं त्याची खोकल्याची जागा हाये. मी पाच-धा येळा भरून काढली हाये."

संहितेवर निष्ठा, दिग्दर्शकाची दृष्टी, या मापांनी मी आजवर प्रयोग मोजले आणि पुढेही मोजणार, ती मापं मला प्रिय आहेत. पण एक नटी आणि एक कुजबुजणारा माणूस यांच्यातली ही जुळणी मोजायला माझ्याकडे माप नव्हतं, आणि ही जुळणीही अभिनयच आहे. झाडीपट्टीतले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या आमच्या वर्तुळात बातमी एका ओळीत वाचून बाजूला ठेवली गेली. त्या रात्री विंगेत बसून मला त्याचं वाईट वाटलं. आम्ही ज्याला रंगभूमीचा इतिहास म्हणून शिकवतो त्यातली बरीचशी साधनं इथे रोज रात्री वापरात आहेत, आणि त्यांच्यावर नीट लिहिणाऱ्यांत मी नव्हते.

परतताना पहाटे साडेचारला जीपचं चाक बसलं. दोन्ही बाजूंना जंगल, धुकं इतकं की हेडलाइट दहा फुटांवर विरून जात होता. ड्रायव्हरने कुणालाही खाली उतरू दिलं नाही. मागून प्रेक्षकांनी भरलेले दोन ट्रॅक्टर आले, दिवे लावून आमच्या आजूबाजूला उभे राहिले, आणि मगच चाक बदललं गेलं. ट्रॉलीतली पोरं मावशीचे संवाद एकमेकांवर फेकत होती, आवाजासकट.

म्हणून हे गंभीरपणे सांगते: रात्री दुचाकीवर एकटं-दुकटं जाऊ नका. ब्रह्मपुरी आणि वडशाच्या जंगलात वाघ खरोखर आहेत, दरवर्षी माणसं दगावतात. गावकऱ्यांसोबत मोठ्या वाहनातून जा किंवा नाटक संपेपर्यंत तिथेच बसा. स्वेटर पुरत नाही, घोंगडी किंवा जाड चादर आणि कानटोपी लागते. आमच्या खेळाला खुर्चीचं तिकीट दीडशे होतं, खाली बसायचं त्याहून कमी. सुटे पैसे न्या. मंडपाबाहेर रात्रभर भजी, फल्लीदाणे आणि चहा मिळतो. रंगपटात फोटो काढायचे तर आधी विचारा. आणि निदान एक अंक अगदी मागे उभं राहून पाहा.

दिवस चौथा

सकाळी गुरुजी एसटी थांब्यापर्यंत आले. त्यांच्या हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो होता. तिशीतले गुरुजी, डोक्यावर जिरेटोप, कमरेला तलवार. "हे शेवटचं काम. मंग काकू म्हने, आता पुरे." फोटो मला दाखवायला आणला होता, द्यायला नव्हे. पाहून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा तसाच गुंडाळला.

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन बाया होत्या, माहेरपण उरकून सासरी निघालेल्या. पहिल्या रात्रीचं नाटक दोघींनी पाहिलं होतं. ब्रह्मपुरीपासून त्या एकाच गोष्टीवर वाद घालत होत्या: शेवटी आईने सातबारा धाकट्याच्या हाती दिला ते बरोबर की चूक. एक म्हणत होती, पोरगाच आहे, उपाशी ठेवायचा का. दुसरी ऐकायला तयार नव्हती. मध्येच ती वळली आणि मला म्हणाली, "तुमी होत्या ना तिथं, वहीत लिवत होत्या. तुमीच सांगा."

मी सांगितलं की लेखकाला आईची माया दाखवायची होती, म्हणून तो शेवट तसा आहे.

"लेखकाचं नाई विचारत, ताई," ती म्हणाली. "बाईचं विचारून रायली."

मी विचार केला आणि म्हटलं, मी दिला नसता.

तिने दुसरीकडे पाहिलं. नागभीड आलं, तिने पिशवी उचलली, पोराला कडेवर घेतलं. पायरीवरून उतरता उतरता मागे वळून ती मैत्रिणीला म्हणाली, "आयक, आंगठा देल्ल्यावर मंग रडून काई होत नाई."